शेवड्यांची भोकाची गादी

मनस्विनीला लहानपणापासून पालथं झोपायची सवय होती, आणि आता तिला आठवा महिना लागला होता. एवढ्या एका अडचणीपायी रत्नागिरीच्या झाडगावातलं शेवड्यांचं घर कित्येक दिवस धड झोपलं नव्हतं.

बाळंतपणासाठी ती पुण्याहून माहेरी आली तेव्हा लेकीला काय काय खायला घालायचं, हे तिच्या आईने, वासंतीबाईंनी, आधीच ठरवून ठेवलं होतं. मनस्विनी सगळं खात होती. झोपत तेवढी नव्हती. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ती डाव्या कुशीवर वळायची. पाठीला एक उशी, गुडघ्यांत दुसरी, पोटाला टेकू म्हणून तिसरी. आणि मग उशांच्या त्या गराड्यात डोळे टक्क उघडे ठेवून समोरच्या कपाटाकडे बघत राहायची.

"आई, या कपाटावरचे ओरखडे मला आता पाठ झालेत," एका सकाळी ती म्हणाली, हसायला गेली, आणि रडायलाच लागली.

तपासणीला गेल्यावर डॉक्टर नम्रताबाईंनी रक्तदाब पाहिला, थोड्या वेळाने परत पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाकी सगळं छान आहे मनस्विनी, पण बीपी वर सरकतंय. तुला झोप मिळायला हवी. आणखी आठवडाभर बघू, नाहीतर इथे आणून ठेवते तुला."



मनस्विनीचे वडील, दत्तात्रेय शेवडे, सरकारी नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन होते. उभ्या नोकरीत त्यांनी रस्त्याखालच्या मोऱ्यांचे नकाशे काढले. मोठे पूल मोठ्या साहेबांकडे जायचे आणि मोऱ्या दत्तोपंतांकडे यायच्या. पण त्यांच्या एकाही मोरीत कधी पाणी तुंबलं नाही, याचा त्यांना मनातून फार अभिमान होता. कुठलीही अडचण आली की तिला अडवत बसू नये, खालून वाट करून द्यावी, हे त्यांचं ठाम मत. त्या दुपारी जेवण होताच त्यांनी टेबलावर कागद पसरला.

"पोट खाली गेलं पाहिजे आणि बाकीची मुलगी वर राहिली पाहिजे," ते स्वतःशी पुटपुटले.

"काय काढताय?" वासंतीबाईंनी विचारलं.

"मनूच्या गादीवर ठेवायला फोमचं पॅड. चांगलं जाडजूड. मध्ये हे असं गोल. गोलातलं फोम झाकणासारखं काढायचं, पोट त्यात जाईल, आणि पोरगी सुखानं पालथी झोपेल. काम झालं की झाकण परत जागेवर."

वासंतीबाई कागदावर वाकल्या. "म्हणजे पोरीच्या अंथरुणात तुम्ही मोरी काढणार?"

"तत्त्व तेच आहे."

"गादी कापायची नाही हं! जावयांनी दिवाळीला पाठवलेली आहे."

"म्हणून तर सुटं पॅड. वर ठेवलं, उचललं."

डॉक्टरांना फोन केला. नम्रताबाई आधी पोटभर हसल्या, मग म्हणाल्या, "पोटावर अजिबात दाब येता कामा नये आणि वाटेल तेव्हा तिला कुशीवर वळता आलं पाहिजे. एवढं सांभाळलंत तर थोडा थोडा वेळ झोपू दे."

आता माप हवं होतं. बापाने लेकीच्या पोटाला टेप कसा लावायचा, म्हणून ते काम वासंतीबाईंकडे गेलं. त्या आतून येऊन म्हणाल्या, "अडीच वीत आणि वर चार बोटं."

"कोणाची वीत?"

"माझी. शेजारणीची कशाला असेल?"

शेवटी मनस्विनीनेच टेप मागून घेतला, इंचातलं माप सांगितलं आणि वर म्हणाली, "पण बाबा, हे वाढणार आहे हं अजून."

मग दत्तोपंतांनी झाकणाभोवती आणखी एक सुटं कडं काढलं. आत्ता नुसतं झाकण काढायचं, पोट वाढलं की कडंही काढायचं. डोक्याकडे आणि पायांकडे त्यांनी पॅडला उतार दिला, मोरीच्या दोन्ही बाजूंना रस्त्याला देतात तसा. नकाशा सुरेख झाला. सवयीने त्यांनी कोपऱ्यात उत्तर दिशाही दाखवली.

ते चपला घालत असताना वासंतीबाई दारापर्यंत आल्या. "एक सांगते. जाल तिथे मनूचं नाव काढायचं नाही. पोटाची मापं गावभर सांगत फिरलात तर पोरीला दृष्ट लागेल. माझी शपथ आहे."

"अगो, पण कशाला हवंय म्हणून सांगू?"

"घरी हवंय म्हणावं. घरातच तर हवंय."

मारुती मंदिराच्या पुढे लवू शिवलकरचं दुकान होतं. रत्नागिरीतल्या निम्म्या रिक्षांच्या सीटा त्याच्या हातच्या. माणूस अत्यंत प्रेमळ आणि तितकाच बोलका. त्याने नकाशा उलटासुलटा करून पाहिला.

"ह्ये मधी काय, सायेब?"

"भोक."

"झोपायच्या गादीला?"

"हो. त्याचं झाकण काढता-घालता आलं पाहिजे."

लवूने नजर उचलून दत्तोपंतांकडे पाहिलं. "बसा ना. स्टूल हाय तुमच्या मागं."

"नको, उभाच बरा आहे."

लवूच्या तोंडावर एकदम उजेड पडला आणि लगेच त्याचा कळवळा झाला. भोकाची गादी आणि बसायला नको म्हणणारा माणूस. ही मूळव्याध, दुसरं काय असणार? त्याने आवाज खाली आणला. "लय तरास होतो?"

घरातल्या जागरणांची अवकळा आपल्या तोंडावर दिसत असणार, असं दत्तोपंतांना वाटलं. "काय सांगू लवू! घरात कोणाला झोप नाही."

"कोनालाच नाय?"

"एकाला त्रास झाला की बाकीचे जागेच की रे."

लवूने गोलाशेजारचा आकडा वाचला आणि टेप तेवढा ताणून पाहिला. "पन सायेब, एवढं मोठं?"

"आत्ता एवढं आहे. अजून वाढणार. म्हणून तर हे बाहेरून कडं ठेवलंय."

"वाढनार? डागदर काय बोलले?"

शपथेची आठवण ठेवून दत्तोपंत अगदी जपून बोलले. "बाई म्हणाल्या, आता उपाय काही नाही. दिवस भरले की सुटका होईल."

लवूने टेप गुंडाळून बाजूला ठेवला. शेवडेसाहेबांचे दिवस भरत आले, हे त्याला असं दुकानात उभ्या उभ्या ऐकावं लागेल याची कल्पना नव्हती. आणि माणूस बघा कसा शांतपणे सांगतोय!

"हे कुठे बोलू नको हं," दत्तोपंत म्हणाले.

"आईशप्पत सायेब," लवू म्हणाला. "आसल्या गोष्टी काय बोलायच्या आसतात?"

लवूने शब्द पाळला. त्याने फक्त रघूनाना मुळ्यांना सांगितलं. नानांची आंब्याची बाग पावसला, पण राहायला ते रत्नागिरीतच; दत्तोपंतांचे जुने मित्र, सकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर सोबत फिरायला जाणारे. त्यांची स्कूटरची सीट शिवायला आली होती, आणि मित्राला तर ठाऊक असायलाच हवं, असं लवूला वाटलं. नानांनीही कोणाला सांगितलं नाही. फक्त फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगितलं, कारण त्यांच्यापासून लपवून ठेवणं बरं दिसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दत्तोपंत मांडवीच्या बाकावर टेकायला गेले तर दोघांनी त्यांना दोन्ही दंडांना धरलं. "उभे राहा, उभे राहा! समुद्र उभ्यानेच छान दिसतो." एकाने त्यांची काठी धरली, दुसऱ्याने पिशवी. निघताना तिसऱ्याने त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "दत्तोपंत, तुम्ही माणूस फार चांगले होतात." मग दचकून, "आहात. आहात हो!"

त्याच दुपारी नानांनी, मूळव्याधीला सुरणासारखं औषध नाही म्हणून, आपल्या बागेतला सुरणाचा भला मोठा गड्डा पाठवला. संध्याकाळी आणखी एक आला. मग रोज येऊ लागले. कोणी सुरणाबरोबर ताकाची बरणी दिली, कोणी ताकाबरोबर सुरण. वासंतीबाईंनी सुरणाची भाजी केली, काप केले, मग आमसूल घालून परत भाजी केली. सगळ्यांचे घसे खाजू लागले.

"बाबा, गावात सुरणाची साथ आली आहे का?" मनस्विनीने विचारलं.

उलगडा झाला तो कुंपणाशी. शेजारची वेदिका मागीलदारी कपडे वाळत घालत होती. तिने इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं, "काकू, काकांना मोड आलेत का हो?"

"मोड मटकीला येतात गो. काकांना कशाला येतील?"

"तसे नव्हेत. ते... बसायच्या जागचे."

वासंतीबाई घरात आल्या त्या पदर तोंडाला लावूनच. सगळं ऐकून दत्तोपंत लालबुंद झाले. "मला मूळव्याध? मला? आत्ता जाऊन एकेकाला सांगतो!"

"काय सांगाल?"

"हेच की गादी मनूच्या..." ते थांबले.

"शपथ घातली आहे मी," वासंतीबाईंनी पदर खोचला. "मूळव्याध तर मूळव्याध. दृष्ट लागायचीच असेल तर तिथे लागू दे."

दत्तोपंतांनी लेकीच्या दाराकडे पाहिलं. आत ती तिच्या उशांमध्ये कपाटाकडे तोंड करून पडली होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं, पावलं सुजली होती. ते पानावर बसले आणि त्यांनी सुरणाची भाजी मागून घेतली.

पॅड आलं ते रिक्षाच्या टपावरून. लवूने ते एकट्याने उचलून ओटीवरच्या दिवाणावर ठेवलं. काम बघून दत्तोपंत थक्क झाले. उतार अगदी नकाशाबरहुकूम. गोल झाकण हलक्या हाताने निघत होतं, कडंही. वर मऊ, घाम टिपणारं सुती कव्हर, त्याला बारीक पायपिंग. त्यांनी फोम हाताने दाबून पाहिलं.

"लवू, हे फार भारीतलं दिसतंय रे. असं मी सांगितलं नव्हतं."

"आसूं द्या. माज्या घरच्या सोफ्याला ठेवलेला," लवू दुसरीकडे बघत म्हणाला. "सोफा काय, कदीपन होईल. तुमी झोपा सुखानं." आणि चहालासुद्धा न थांबता तो डोळे पुसत बाहेर पडला.

मनस्विनी आडवी व्हायला उतावीळ झाली होती, पण वासंतीबाईंनी तिला अडवलं. "आधी कोणीतरी पडून बघायला हवं. पोटाला कुठे टोचलं, दाबलं तर?"

"पण आई, त्यासाठी पोट असलेला माणूस लागेल."

दोघींनीही एकाच वेळी दत्तोपंतांकडे पाहिलं. निवृत्तीनंतर त्यांना घरचं जेवण अंगी लागलं होतं.

"बाबा, तुमचा सातवा तरी नक्की आहे," मनस्विनी म्हणाली.

"आचरटपणा पुरे," दत्तोपंत म्हणाले आणि सदरा काढून गंजिफ्रॉक आणि पायजम्यावर दिवाणावर चढले. नुसतं झाकण काढून पोट मावेना, म्हणून कडंही काढावं लागलं. मग ते पालथे झाले. पोट अलगद खाली उतरलं. कंबर सैल झाली, पाठ सैल झाली, मान सैल झाली. "वा! अगदी..." एवढंच ते म्हणाले. पुढचं वाक्य घोरण्यात गेलं. इतक्या दिवसांच्या जागरणाने तेही पिचलेले होते. वासंतीबाईंना त्यांना उठवायचा धीर झाला नाही. मनस्विनी आत पाय वर करून बसली, आणि वासंतीबाई मागीलदारी नारळ सोलायला गेल्या.

नेमके त्याच दुपारी रघूनाना पावसहून एका वैद्यबुवांना घेऊन आले. फाटकात त्यांना लवू भेटला. पॅड गादीला धरून ठेवणारे इलॅस्टिकचे पट्टे त्याच्या खिशातच राहिले होते, ते द्यायला तो स्कूटरवरून परतला होता. दार उघडंच होतं. तिघं ओटीवर आले आणि जागीच थबकले.

"अरेरे," नाना कुजबुजले.

"सायेब उलटे झोपलेत!" लवू हवालदिल झाला. "भोक खाली ऱ्हायलं आनि दुखनं वर!"

"ग्लानीत असतील बिचारे," वैद्यबुवा म्हणाले. "कळलं नसेल. आपण फिरवू या त्यांना सावकाश."

नानांनी खांदे धरले, लवूने पाय धरले, वैद्यबुवांनी "हं, एक, दोन" म्हटलं आणि तिघांनी मिळून दत्तोपंतांना उताणं केलं. पोट तरंगत राहिलं होतं ते भोक आता बैठकीखाली आलं. झाकण नव्हतं, कडंही नव्हतं. दत्तोपंत सावकाश आत उतरले. कमरेत दुमडले, पाय वर आले, डोकं वर आलं, आणि गुडघे नाकासमोर दिसू लागल्यावर त्यांना जाग आली.

"वासंती! भूकंप!"

"घाबरू नका," वैद्यबुवांनी त्यांच्या पायजम्यावर हात ठेवला. "आता योग्य स्थितीत आहात."

"अहो, काढा मला!"

"इतक्यात नाही. जागा जरा मोकळी राहू दे."

"नाना, हा कोण माणूस आहे? लवू, ओढ मला वर!"

"जोर करू नका सायेब," लवू रडवेला झाला होता. "तुमाला जोर करायचा नाय!"

गलका ऐकून मनस्विनी एका हाताने भिंत धरून बाहेर आली. तिने पाहिलं. पॅडमधून वर आलेली वडिलांची दोन पावलं, त्यांच्या मधून दिसणारं त्यांचं संतापलेलं तोंड, आणि भोवती हात जोडल्यासारखे उभे असलेले तीन चिंतातुर पुरुष. आधी तिला नुसता ठसका लागला. मग ती हसायला लागली. खुर्चीत बसली, पोट दोन्ही हातांनी धरलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली. सासरहून आल्यापासून ती अशी हसली नव्हती.

मागीलदारून वासंतीबाई हातात अर्धा सोललेला नारळ घेऊन धावत आल्या. "अगो मनू, हळू! काय झालं?"

"नानाकाका," मनस्विनी कशीबशी म्हणाली, "गादी माझी आहे. ते भोक माझ्या पोटासाठी आहे हो!"

तिघांनी तिच्या पोटाकडे पाहिलं, मग भोकाकडे पाहिलं, आणि मग एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

"म्हंजे," लवू शब्द जुळवत म्हणाला, "अजून वाढनार म्हनालात ते..."

"नातवंड रे!" भोकातून दत्तोपंत ओरडले. शपथ मोडली होती, पण त्या अवस्थेत त्यांना कोणी दोष दिला नसता.

"आनि दिवस भरले की सुटका..."

"तिची! तिची सुटका!"

"म्हंजे तुमी मरत नाय?"

"मी कशाला मरेन मेल्या?"

लवूने एकदम पुढे होऊन त्यांच्या दोन्ही पावलांना मिठी मारली, कारण तेवढाच भाग त्याच्या सहज हाताशी होता. मग नानांनी एक हात धरला, वैद्यबुवांनी दुसरा, लवूने मागून रेटा दिला, आणि दत्तोपंत बाहेर आले.

वासंतीबाईंनी पुरुषमंडळींना ओटीवरून पडवीत हाकललं. पॅड लेकीच्या खोलीत नेऊन गादीवर नीट बसवलं. कडं जागेवर घातलं, झाकण बाहेर ठेवलं. मनस्विनी हात टेकून, जपून पालथी झाली. पोट खाली अलगद राहिलं, कुठे टोचलं नाही, दाबलं नाही. तिने गाल उशीवर ठेवला. "आई," ती म्हणाली, "बाबांना सांग..." आणि काय सांगायचं ते तसंच राहिलं.

वासंतीबाई बाहेर आल्या आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "झोपली."

पडवीत बसलेल्या चौघांनी श्वाससुद्धा बेताने घेतला. चहा आला तो कोणी फुरके न मारता प्यायला. बशीचा आवाज नको म्हणून वैद्यबुवांनी कप मांडीवर ठेवला. रस्त्यावर मासेवालीची आरोळी ऐकू येताच नाना धोतर सावरत फाटकापर्यंत पळाले, तिला खुणांनी सगळी हकीकत सांगितली, आणि ती टोपली डोक्यावर सावरत पाय न वाजवता आळी पार करून गेली. शेजारच्या वेदिकाने मिक्सर लावला होता, तो लवू जाऊन बंद करून आला.

दत्तोपंत खांबाला टेकून बसले होते. इतके दिवस त्यांना ज्याचा राग येत होता, ते सगळं आता वेगळंच दिसत होतं. दंडाला धरणारे हात, ताकाच्या बरण्या, आपल्या सोफ्याचं फोम कापणारा लवू, भर उन्हात पावसहून आलेले वैद्यबुवा. यांतल्या कोणाला त्यांनी बोलावलं नव्हतं. उद्या आपण खरंच आजारी पडलो तरी हीच माणसं अशीच येतील, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांचे डोळे भरले.

"दुखतंय का?" नानांनी सवयीने कुजबुजून विचारलं.

"नाही रे," दत्तोपंत म्हणाले. "चहा घे आणखी."

निघताना लवूने स्कूटर चालू केली नाही. कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली.

त्या दुपारनंतर मनस्विनी झोपू लागली. दुपारी थोडी पालथी, मग अंग सैल झालं की कुशीवरही तिचा डोळा लागायचा. रक्तदाब उतरला. नम्रताबाईंनी पॅडचा फोटो मागून घेतला. दिवस भरले आणि सुटका झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. दत्तोपंत पेढे घेऊन लवूच्या दुकानात गेले तेव्हा त्याने पेढा आधी भिंतीवरच्या देवाला दाखवला, मग खाल्ला, आणि घसा साफ केला.

"सायेब, एक काम हाय. नवस फेडायचा हाय."

"कसला नवस?"

"तुमच्यासाठी बोललेला. आमच्या गावच्या देवाला. शेवडेसायेबांना या दुखन्यातनं उठव, त्यांना तुझ्या पायाशी आनतो, म्हनून."

दत्तोपंतांनी पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. "पण लवू, मला काही झालंच नव्हतं रे."

"मी बोललो तेवा तर झालेलं व्हतं ना?" लवू म्हणाला. "आनि तुमी उठलात का नाय? मंग? देवानं त्याचं काम केलं. आता आपन मागं ऱ्हायचं?"

बाळाला सव्वा महिना झाल्यावर सगळी मंडळी रिक्षा करून लवूच्या गावी गेली. दत्तोपंत, वासंतीबाई, बाळाला घेऊन मनस्विनी आणि पुण्याहून आलेला जावई गंधार. भोकाच्या गादीची हकीकत गंधारला फोनवर कळली होती, पण सासऱ्यांच्या बसायच्या जागेविषयी कोणी त्याच्यापाशी अवाक्षर काढलं नव्हतं. देवळासमोर लवूचं अख्खं भावकीमंडळ जमलं होतं. गुरवाने नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

"हे देवा महाराजा! आज हे रत्नागिरीचे शेवडे तुझ्या पायाशी उभे हायत, महाराजा!"

"होय महाराजा!" सगळे एका सुरात म्हणाले.

"त्यांना मूळव्याधीची जी भयंकर पीडा झाली व्हती, महाराजा..."

"होय महाराजा!"

दत्तोपंतांनी चमकून लवूकडे पाहिलं. लवू डोळे घट्ट मिटून, हात जोडून, मान हलवत होता. त्याच्या तोंडावर असं काही समाधान होतं की दत्तोपंतांनी उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

"डागदरांनी हात टेकले, महाराजा! बसनं बंद झालं, झोपनं बंद झालं, तवा तुझ्या लवूनं तुला हाक मारली, आनि तू धावत आलास, महाराजा!"

"होय महाराजा!"

"तसाच आज हितं जमलेल्या तुझ्या सगल्या लेकरांना, जिथं बसतील थितं सुखानं बसव, महाराजा!"

गंधार घाबराघुबरा होऊन सासऱ्यांच्या कानाशी वाकला. "बाबा, तुम्हाला मूळव्याध होती? एवढी? मला कोणी सांगितलं नाही!"

मनस्विनीने पदरात तोंड खुपसलं. तिच्या खांद्यावर बाळ गाढ झोपलेलं होतं. वासंतीबाई घाईघाईने देवाकडे बघू लागल्या. आधी शेवड्यांनी होकार द्यावा म्हणून सगळं गाव हात जोडून थांबलं होतं.

दत्तोपंतांनी दीर्घ श्वास घेतला, हात कपाळापर्यंत नेले, आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्याने म्हणाले,

"होय महाराजा!"